दारावरची कमान

आजच्या भाषणाचा मथळा ऐकून आपणांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीवरील दगडी कमान उभी राहिली असेल. मला मात्र निराळ्या कमानीविषयीं बोलावयाचें आहे. घड्याळाला किल्ली देतांना आंत जी पोलादी पट्टी आवळत जाते, तिला आमच्या लहानपणीं वडील माणसें कमान म्हणत. हल्लीं सर्वजण स्प्रिंग म्हणतात, आणि मीहि यापुढें तोच शब्द वापरीन. अमेरिकेंतील घरांना मोटार ठेवण्याची एक खोली जोडलेली असते. तिला गराज म्हणतात. या गराजच्या भल्यामोठ्या दारावर अशी स्प्रिंग बसविलेली असते. ती तुटली म्हणजे घरांतील माणसांना काय काय धोके संभवतात, हा माझा आजचा विषय आहे.

विषय परका आहे असें आपण म्हणाल. परंतु आज आपल्या शहरांतील किती तरी घरांतून एखादा मुलगा वा मुलगी अमेरिकेंत संसार थाटून राहिलेली आहे, आणि आमच्यासारखे आईबाप तेथें जाऊन महिनोन्‌महिने राहूं लागले आहेत. त्या परक्या घरांत दिवसभर एकटीं असतात तीं हीं म्हातारीं माणसें आणि नातवंडें. शिवाय या स्प्रिंगचें एक चुलत भावंड आपल्याकडील इमारतींच्या तळमजल्यावर, दुकानांच्या आणि मोटारखान्यांच्या शटरांत गुंडाळून बसलेलें आहे. त्याच्याविषयींहि शेवटीं दोन शब्द सांगेन. मी कांहीं यंत्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म खडूफळ्यापुढें घालविलेला मनुष्य आहे. परंतु या बाबतींत मी एक मोठी चूक करण्याच्या अगदीं बेतांत होतों, आणि म्हणूनच बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे असें वाटतें.

२०१९ सालच्या डिसेंबर महिन्यांत आम्ही उभयतां न्यू जर्सी राज्यांत लेकीकडे गेलों होतों. बाहेर बर्फ पडत होतें. एके दिवशीं पहाटे चारच्या सुमारास बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला आणि भिंती थरारल्या. आमच्या सौभाग्यवती दचकून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, काय कोसळलें हो?" जांवईबापू बॅटरी घेऊन सारें घर फिरून आले. खिडक्यांच्या कांचा शाबूत होत्या, माळ्यावर कांहीं पडलें नव्हतें, चोराचिलटाचा मागमूस नव्हता. पुन्हां सर्वजण निजलों. उलगडा झाला तो सकाळीं साडेसात वाजतां. जांवईबापूंनीं मोटार बाहेर काढण्यासाठीं दाराची कळ दाबली. दार जमिनीपासून चार बोटें वर उचललें, वरच्या विजेच्या यंत्रानें एक दीर्घ सुस्कारा टाकला, आणि दार तेथेंच अडलें. वर पाहतों तों काय, दाराच्या माथ्यावर जी जाड गुंडाळी असते तिचे मधोमध दोन तुकडे झालेले, आणि त्यांच्यामध्यें दोन बोटांची फट पडलेली.

आतां हें दार कसें असतें, तें थोडक्यांत सांगतों. दोन मोटारी शेजारीं शेजारीं आंत जातील असें तें सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच असतें. तें एकसंध नसतें. चार-पांच आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं एकमेकींना जोडलेल्या असतात. दोहों कडांना लहान लहान चाकें असून तीं लोखंडी रुळांतून फिरतात. हे रूळ आधीं सरळ वर जातात आणि मग वळून छताखालीं आडवे होतात. त्यामुळें दार उघडलें म्हणजे तें वर सरकत जाऊन छताशीं समांतर आडवें निजतें. अशा साध्या पत्र्याच्या दाराचें वजन ६५ ते ९० किलोग्रॅम सहज भरतें. लांकडी असेल किंवा थंडीसाठीं आंत जाड अस्तर भरलेलें असेल, तर तें याहूनहि अधिक होतें. असें हें धूड माझी दहा वर्षांची नात एका हातानें वर ढकलूं शकत असे, याचें मला प्रारंभीं मोठें नवल वाटे.

त्यांतील युक्ति मात्र जुनीच आहे. कोंकणांत पूर्वीं कांहीं विहिरींवर एक लांब वासा आडवा टांगीत. त्याच्या एका टोंकाला पोहरा आणि दुसऱ्या टोंकाला दगड बांधलेला असे. दगड खालीं येई तसा भरलेला पोहरा वर चढे, आणि पाणी काढणाऱ्या बाईला वजन असें जाणवतच नसे. येथें दगडाच्या ठिकाणीं स्प्रिंग असते, इतकाच काय तो फरक. दाराच्या माथ्यावर भिंतीला लागून एक आडवा दांडा असतो. त्या दांड्यावर स्प्रिंग ओंवलेली असते. दांड्याच्या दोन्ही टोंकांना कप्पीसारखीं चाकें असून त्यांवरून पोलादी तारेचे दोन दोर निघून दाराच्या तळाशीं जाऊन बांधलेले असतात. दार खालीं येतांना दांडा फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसत जातो. दार वर जातांना हाच पीळ उलगडतो आणि दाराला उचलून धरतो. छतावरील विजेचें यंत्र दाराचें वजन उचलतें असा पुष्कळांचा समज आहे, परंतु तो खरा नाहीं. यंत्र दाराला नुसती वाट दाखवितें. भार सारा स्प्रिंगवर असतो.

अमेरिकेंत हें वर उचललें जाणारें दार १९२१ सालीं सी. जी. जॉन्सन यांनीं काढलें आणि १९२६ सालीं त्याला विजेचें यंत्र जोडलें. परंतु त्यामागील नियम त्याहून पुष्कळ जुना आहे. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७६ सालीं तो अक्षरांच्या कोड्यांत लपवून छापला आणि १६७८ सालीं त्या कोड्याची फोड केली. स्प्रिंगला जितकी ओढ द्यावी, तितक्या बळानें ती उलट ओढते, असा त्याचा मथितार्थ आहे. शाळेंत आम्ही खिळ्याला एक लहानशी स्प्रिंग टांगून, तिला वजनें अडकवून आणि फुटपट्टीनें मोजून हा नियम मुलांना दाखवीत असूं. पन्नास ग्रॅमला इतकें, शंभर ग्रॅमला त्याच्या दुप्पट, असें मुलें वहींत लिहून घेत. पिळाच्या स्प्रिंगलाहि हाच नियम लागू आहे. जितके वेढे, तितका जोर.

हा जोर किती असतो? ७० किलोग्रॅमचें आणि सात फूट, म्हणजे सुमारें २.१ मीटर, उंचीचें दार घेऊं. दार वर जातांना प्रत्येक फळी क्रमाक्रमानें रुळावर आडवी होते आणि तिचा भार दोरावरून उतरतो. म्हणून काम सरासरीनें निम्मेंच धरावें लागतें. ७० ला ९.८ नें गुणावें, पुन्हां २.१ नें गुणावें आणि अर्धें करावें, म्हणजे सुमारें ७२० ज्यूल येतात. ही सारी शक्ति दार मिटलेलें असतांना स्प्रिंगच्या पोटांत सांठवलेली असते. दहा किलोग्रॅमचा धोंडा सात मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरून, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून, खालीं सोडला तर जमिनीवर आदळतांना त्याच्या अंगीं जेवढी शक्ति असेल, तेवढी ही आहे. गच्चीच्या कठड्यावर असा धोंडा डुगडुगत असेल तर आपण मुलांना खालीं उभें राहूं देणार नाहीं. परंतु मिटलेलें दार शांत दिसतें, म्हणून त्याची भीति वाटत नाहीं.

मग एवढी बळकट स्प्रिंग तुटते कां? छत्रीची तार किंवा केसांचा आंकडा आपण बोटांनीं पुन्हां पुन्हां मागेंपुढें वांकवला, तर पहिल्या दहा वेळां कांहीं होत नाहीं, आणि मग एकाएकीं कट्‌दिशीं तुकडा पडतो. पोलादालाहि थकवा येतो. सामान्य प्रतीची स्प्रिंग सुमारें १०,००० वेळां दार उघडमीट करण्यापुरती घडविलेली असते. एक वेळ उघडणें आणि मिटणें मिळून एक खेप धरावी. घरांत दोघे कामावर जाणारे, शिवाय बाजारहाट आणि मुलांची ने-आण, म्हणजे दिवसाला चार खेपा सहज होतात. १०,००० ला चारानें भागलें कीं २,५०० दिवस येतात, म्हणजे सात वर्षांना थोडे कमी. गंज चढला कीं हें आयुष्य आणखी घटतें. दार मिटलेलें असतांना पीळ सर्वांत अधिक असतो आणि कडक थंडींत पोलाद अधिक ठिसूळ होतें. म्हणून पुष्कळदां स्प्रिंग अशी हिवाळ्यांतल्या रात्रीं किंवा पहाटे, कोणीं हात लावलेला नसतांना तुटते. आमच्या लेकीच्या घराला नववें वर्ष लागलें होतें.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. त्या दिवशीं लेक आणि जांवईबापू बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारींतून कामावर गेलीं. जातांना लेक बजावून गेली, "बाबा, उद्यां माणूस येणार आहे. तोंवर दाराला हात लावूं नका." मी मान डोलावली. परंतु मनांत निराळेंच चाललें होतें. आमच्या घरीं मीं सारा जन्म कधीं बाहेरचा कारागीर बोलावला नाहीं. नळाचे वायसर, इस्त्रीची तार, शिवणयंत्र, पाण्याचा पंप, सारें माझ्या हाताखालून गेलेलें. परदेशांत मात्र मला एक काम नव्हतें. लेकीच्या घरीं बसून खावें आणि खिडकींतून बर्फ पाहावें, हें निवृत्त माणसाला किती जड जातें, तें ज्यांनीं भोगलें असेल त्यांनाच कळेल. आपणही कांहीं उपयोगाचे आहों, हें दाखवावें अशी तीव्र इच्छा मला झाली. दुसरा कोणताहि हेतु त्यांत नव्हता.

दुपारीं मीं स्टूल घेतलें, जांवईबापूंच्या पेटींतून पाना आणि पेंचकस काढला, आणि गराजमध्यें गेलों. दांड्यावर दोन स्प्रिंगा होत्या. डावी तुटलेली, उजवी धड. माझा हिशेब असा कीं, आधीं धड स्प्रिंग सैल करावी, मग दांडा मोकळा होईल आणि तुटलेली काढतां येईल. उजव्या स्प्रिंगच्या टोंकाला शंकूच्या आकाराचा एक ओतीव गट्टू होता. त्याला दांड्याशीं जखडून ठेवणारे दोन चौकोनी डोक्यांचे स्क्रू होते. मीं स्टुलावर चढून त्यांतील एका स्क्रूला पाना लावला. माझा चेहरा त्या गट्टूपासून वीतभर अंतरावर होता.

तेवढ्यांत नात घरांतल्या दारांतून डोकावली. तिला शाळेला सुटी होती. ती म्हणाली, "आजोबा, तिथें लाल चिठ्ठीवर काहीतरी लिहिलंय. तुम्ही वाचलंत?" चिठ्ठी मला दिसली होती. कारखान्याची जाहिरात असेल म्हणून मीं ती वाचली नव्हती. मीं म्हटलें, "तूंच वाच." तिनें आधीं इंग्रजी वाचलें आणि मग मला कठीण पडूं नये म्हणून तिच्या मराठींत अर्थ सांगितला. या स्प्रिंगला फार ताण दिलेला आहे, हिला सोडविण्याचा प्रयत्न केल्यास गंभीर इजा अथवा मृत्यु ओढवेल, शिकलेल्या माणसावांचून कोणीं हात लावूं नये. अर्थ सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, खाली या ना." परीक्षेच्या वेळीं प्रत्येक वर्गांत मी बजावीत आलों होतों कीं, मुलांनो, लेखणी उचलण्यापूर्वीं सूचना वाचा. तोच मी मास्तर सूचना न वाचतां स्टुलावर चढलों होतों.

त्या क्षणीं मला एका माणसाची आठवण झाली. १९८८ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतांना माझ्या वर्गांत एक फार हुशार मुलगा होता. त्याचे वडील दुकानांना शटरें बसविण्याचें काम करीत. एकाएकीं मुलगा शाळेंत येईनासा झाला, म्हणून मी त्यांच्या घरीं गेलों. वडील ओटीवर बसले होते. उजवा हात कापडांत बांधलेला. शटरच्या पाईपला पीळ देत असतांना मोठा पाना निसटला, पाईप गरकन्‌ उलटा फिरला, आणि त्याच पान्याच्या दांड्याखालीं दोन बोटें सांपडून तुटलीं. वीस वर्षें तेंच काम केलेला माणूस! ते मला म्हणाले, "गुरुजी, दार बंद असलं तरी आतली स्प्रिंग जागी असते. मी एक घटका विसरलो." मीं फी माफ करून देण्याची खटपट केली, पुस्तकें देऊं केलीं, पण घरांत दुसरें कमावतें कोणी नव्हतें. तो मुलगा सातवीनंतर शाळेंत परत आला नाहीं. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें मीं आपल्या हातानें रेघ मारली. ही गोष्ट इतकी वर्षें मी पुष्कळांना सांगत आलों, आणि वेळ आली तेव्हां स्वतःच विसरलों.

मी स्टुलावरून खालीं उतरलों. पाय कांपत होते. नातीनें तें पाहिलें, परंतु ती कांहीं बोलली नाहीं. संध्याकाळीं लेक घरीं आल्यावर मींच तिला सारें सांगितलें. ती रागावली नाहीं. ती कांहीं वेळ नुसती माझ्याजवळ बसून राहिली, आणि तें मला रागापेक्षां अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. मी दूर उभा राहून त्याचें काम पाहिलें. त्यानें आधीं विजेच्या यंत्राची जोडणी तोडली आणि दार हलूं नये म्हणून रुळावर लोखंडी चिमटा आवळून बसविला. त्या ओतीव गट्टूला चार भोंकें असतात. त्यांत नेमके बसतील असे दोन पोलादी दांडे त्याच्याजवळ होते. एक दांडा एका भोंकांत घट्ट रोंवून त्यानें भार आपल्या हातीं घेतला, आणि मगच स्क्रू सैल केले. नंतर एक दांडा धरून ठेवावा, दुसरा पुढच्या भोंकांत घालावा, पाव वेढा सोडावा, अशा रीतीनें त्यानें सारा पीळ उतरविला. उभा राहिला तोहि बाजूला, स्प्रिंगच्या समोर नव्हे. नवीन स्प्रिंगला सात फुटी दारासाठीं असे तीसच्या आसपास पाव वेढे द्यावे लागतात. मीं त्याला विचारलें, "मीं काल पान्यानें तो स्क्रू सोडला असता तर?" तो म्हणाला, तुम्ही आणि ती स्प्रिंग यांच्यामध्यें ते दोन स्क्रूच होते. पुढें विचारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

श्रोते हो, आतां जे धोके मीं पाहिले व समजून घेतले ते क्रमानें सांगतों.

पहिला धोका दार हातानें उचलण्याचा. स्प्रिंग तुटल्यावर दाराचें सारें वजन एकदम आपल्या अंगावर येतें. कंबर लचकते, फळ्यांच्या सांध्यांत बोटें चिरडतात, आणि अर्ध्यावर हात सुटला तर दार खालीं कोसळतें. मोटार आंत अडकली असेल तर एक दिवस भाड्याच्या गाडीनें जावें. बंद असलेलें दार बंदच राहूं द्यावें, कारण मिटलेल्या स्थितींत तें कोणाच्या अंगावर पडत नाहीं. कळ पुन्हां पुन्हां दाबून यंत्राकडूनहि तें उचलवूं नये.

दुसरा धोका लाल दोरीचा. विजेच्या यंत्राला एक लाल दोरी लोंबत असते. वीज गेली म्हणजे ती ओढून दार यंत्रापासून सुटें करतां येतें. परंतु दार उघडें असतांना स्प्रिंग तुटली असेल, तर त्याला वर धरून ठेवणारें तेंच यंत्र असतें. अशा वेळीं दोरी ओढली कीं दार सुळकन्‌ खालीं येतें. म्हणून दार उघडें असतांना ही दोरी शक्य तों ओढूं नये, आणि स्प्रिंग तुटल्याचा संशय असेल तर मुळींच ओढूं नये. दाराखालून कोणीं जाऊं नये आणि मुलांना त्या खोलींत येऊं देऊं नये.

तिसरा धोका सोडविण्याचा, म्हणजे माझ्या चुकीचा. माथ्यावरील गट्टू आणि त्याचे स्क्रू, तसेंच दाराच्या तळाच्या कोंपऱ्यांत जेथें तारेचे दोर अडकविलेले असतात ते तुकडे, यांना घरच्या माणसानें पाना लावूं नये. एक स्प्रिंग तुटलेली असली तरी दुसरी ताणलेलीच असते. तीहि तितकीच जुनी असल्यामुळें दोन्ही एकदम बदलून घेणें शहाणपणाचें.

चौथा धोका जुन्या घरांतील ओढीच्या स्प्रिंगांचा. कांहीं घरांत पिळाची स्प्रिंग नसून वरच्या आडव्या रुळांच्या बाजूनें लांब ताणलेल्या दोन स्प्रिंगा असतात. पिळाची स्प्रिंग तुटली तरी दांड्यावर ओंवलेली राहते. ओढीची मात्र तुटतांना चाबकासारखी उडते, आणि मोटारीच्या कांचेवर किंवा माणसाच्या तोंडावर बसूं शकते. अशा स्प्रिंगच्या पोटांतून एक सुरक्षेची तार ओंवून ती दोन्ही टोंकांना बांधलेली असावी, म्हणजे तुकडे उडत नाहींत. आपल्या मुलांच्या घरीं अशा स्प्रिंगा असतील तर ही तार आहे कीं नाहीं, एवढें नुसत्या डोळ्यांनीं पाहून सांगणें आपल्यासारख्यांनाहि जमेल.

आणखी एक गोष्ट. लहान मुलें दाराखालीं सांपडून दगावल्यानंतर अमेरिकेंत १९९० सालीं कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना सुरक्षेची अधिक व्यवस्था सक्तीची झाली. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून वीतभर उंचीच्या आंत दोन लहान डोळे बसवितात. त्यांच्यामधील अदृश्य किरण अडला कीं खालीं येणारें दार उलट फिरतें. ही व्यवस्था फार उपयोगी आहे. परंतु ती यंत्राला थांबविते, कोसळणाऱ्या वजनाला थांबवीत नाहीं. डोळे आहेत म्हणून स्प्रिंगकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

स्प्रिंग तुटण्यापूर्वीं कळतें काय? पुष्कळदां कळतें. महिन्यांतून एकदां दार पूर्ण मिटवून लाल दोरी ओढावी, आणि तें हातानें हलकेच कमरेइतकें उचलून पाहावें. उचलतांनाच तें जड वाटलें तर तेथेंच सोडून द्यावें. उचललेलें दार जागच्या जागीं स्थिर राहिलें तर तोल बरोबर आहे. खालीं घसरूं लागलें किंवा आपोआप वर पळूं लागलें, तर तोल बिघडला आहे असें समजून कारागीर बोलवावा. वेढ्यांवर गंज, दारांतून नवा करकर आवाज, एका बाजूला सैल पडलेला दोर, वांकडें चढणारें दार, याहि खुणाच आहेत. ही परीक्षा मात्र तरुण आणि धडधाकट माणसानें करावी. आजोबांनीं जवळ उभें राहून नातवंडांना दूर धरावें. हेंहि कामच आहे, आणि तें कमी मोलाचें नाहीं.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्याकडील दुकानांचें आणि बंगल्यांच्या मोटारखान्यांचें शटर लोखंडी पट्ट्यांचें असून तें माथ्यावरच्या पाईपाभोंवतीं गुंडाळलें जातें. जीं शटरें हातानें ढकलून उघडतात, त्यांच्या पाईपाच्या पोटांत अशाच स्प्रिंगा असतात. साखळीनें अथवा विजेनें चालणाऱ्या मोठ्या शटरांची रचना निराळी असूं शकते. हातानें उघडावयाचें शटर दिवसेंदिवस जड होत चाललें, किंवा आंकड्याची काठी लावतांच झटकन्‌ वर उसळूं लागलें, तर स्प्रिंगचा तोल गेला आहे. आपल्याकडे अशा वेळीं काय होतें? दोघे-तिघे मिळून तें रेटतात, तेल ओततात, आणि वर्षानुवर्षें तसेंच चालवितात. अर्धवट उघड्या शटराखालून वांकून ये-जा करणें तर सर्वत्र दिसतें. मुलें खालच्या पट्टीला लोंबकळून झोंके घेतात. आणि दुरुस्तीला बोलावलेला गरीब कारागीर हलत्या शिडीवर उभा राहून एकट्यानेंच पीळ देतो. आपण खालून त्याला म्हणतों, "लवकर आटप रे बाबा." मला त्या ओटीवरच्या बांधलेल्या हाताची याद येते. निदान त्याला धड शिडी द्यावी, मदतीला दुसरा माणूस असल्यावांचून काम सुरू करूं देऊं नये, आणि घाई करूं नये. इतकें आपल्या हातीं आहे.

स्वावलंबन हा मोठा गुण आहे, असें मी मुलांना शिकवीत आलों आणि आजहि मानतों. परंतु ज्या वस्तूंत दुसऱ्याचा जीव घेण्याइतकें बळ कोंडलेलें आहे, तिच्यापुढें हात मागें घेणें यांत कमीपणा कांहींच नाहीं. ही गोष्ट शिकावयाला मला साठ वर्षें उलटून जावीं लागलीं, आणि शिकविली ती दहा वर्षांच्या मुलीनें.

येत्या रविवारीं आपण परदेशांतील मुलांशीं बोलाल तेव्हां खुशालीबरोबर एवढें विचारा: तुमच्या गराजच्या दाराची स्प्रिंग किती वर्षांची झाली? सात वर्षें होत आलीं असतील, तर हिवाळ्यापूर्वीं ती एकदां जाणत्या माणसाकडून तपासून घ्या म्हणावें. आणि तेथें राहणाऱ्या आजोबांना माझा निरोप सांगा कीं, स्टूल जागच्या जागीं राहूं द्या.